फाट्यापासून पुढे

गेल्या उन्हाळ्यातली दुपार. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या फाट्यावर एसटी थांबली. पुढच्या सीटवरची आजी दांडी धरून हळूहळू उठली. तिचं वय पंच्याहत्तरच्या पुढचं, म्हणून तिकीट शून्य रुपयांचं. तिच्या सुनेचं तिकीट अर्धं. पायरीवर उभं राहून आजीनं कंडक्टरला विचारलं, "बाबा, गावात नाही का जात गाडी?"

"नाही आजी, फाट्यापर्यंतच हाय. सावकाश उतरा."

गाडी गेली. फाट्यावर एक बंद टपरी, एक बाभूळ आणि गावाच्या नावाची गंजलेली पाटी. गाव तीन किलोमीटर. ॲपेवाला म्हणाला, दहा सीट झाल्याशिवाय निघत नाही, माणशी वीस रुपये. आजी आणि तिची सून चालायला लागल्या. मीही चाललो. डांबराच्या कडेची साइडपट्टी पावसानं खाल्लेली, त्यामुळे तिघंही डांबरावरूनच. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की काट्यात उतरायचं, तो गेला की परत वर यायचं.

चालताना माझ्या डोक्यात एक हिशोब सुरू झाला. हिंगोलीपासून फाट्यापर्यंत आजीला सरकारनं शून्य रुपयांत आणलं. फाट्यापासून घरापर्यंत सरकार कुठेच नव्हतं. म्हणजे सरकारची मदत फाट्यापर्यंत येते आणि तिथून परत फिरते.

नंतर वाटलं, हे सरकारपुरतं खरं नाही. आपली पुस्तकं, आपले सिनेमे, आपल्या बातम्या, आपली रडारड, सगळं फाट्यापर्यंतच येतं. मराठीत 'फाटा देणे' याचा अर्थ वगळणे, टाळणे. खर्चाला फाटा देतात, मानपानाला फाटा देतात. चालणाऱ्या माणसाला आपण असाच फाटा दिला आहे. या लेखात मला तेवढंच तपासायचं आहे: पायी चालणं, सायकल आणि एसटी या तिघांवर आपलं इतकं प्रेम असताना त्यांचा हिशोब कुणाच्याच वहीत का नाही?

प्रेमाची बाजू

सुरुवात पुस्तकांपासून करतो, कारण ती मला आवडतात.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली. तिची सुरुवातच एका चालण्यानं होते. कोवळा मास्तर नोकरीच्या गावी पायी निघालेला आहे. माणदेशाचं उजाड रान, लांबवर पसरलेली वाट आणि एकटा पोरगा. ती पानं वाचताना आपल्याला त्या वाटेचा मोह पडतो. शाळा असलेल्या गावाला जायला रस्ता का नाही, हा प्रश्न मनात येत नाही. कादंबरीला तो विचारायची गरजही नव्हती. संस्थानी काळातल्या धनगरवाडीची ती गोष्ट आहे आणि तिथं चालणं हीच जगण्याची रीत होती.

पु. लं.ची 'म्हैस' बहुतेकांनी यूट्यूबवर ऐकली असेल. एसटीखाली म्हैस येते आणि गाडी अडकते. मग गाडीतला एकेक प्रवासी उलगडत जातो, पंचनामा होतो, पुढारी येतो. एसटी ही महाराष्ट्राची खरी सभा आहे, हे त्या कथनाइतकं झकास कुणी दाखवलेलं नाही. पण तिथंही आपण गाडीच्या आत बसून बाहेर बघतो. रस्त्याच्या कडेनं चालणारा माणूस आपल्याला दिसतो तो खिडकीतून.

२०१८ साली प्रदर्शित झालेला प्रकाश कुंटेंचा 'सायकल' सिनेमा घ्या. केशवची सायकल चोरीला जाते. सायकल म्हणजे त्याच्या जिवाचा तुकडा. सिनेमा हळुवार आहे, कोकण देखणं आहे आणि गोष्ट शेवटी माणसाच्या वस्तूवरच्या मोहाकडे वळते. त्यात सायकल आठवण म्हणून येते. सेनगाव किंवा कळमनुरीकडच्या सातवीतल्या पोरीला मात्र सायकल ही आठवण नसते. आठवीत गेल्यावर शाळा सुटणार की चालू राहणार, हे तिच्या बाबतीत सायकल ठरवते.

या तिन्ही कलाकृतींना मी दोष देत नाही. दोष आपल्या वाचनाचा आहे. त्यांतून आपण चालण्याचा गोडवा घेतला, एसटीची गंमत घेतली, सायकलची हुरहुर घेतली आणि तिथंच थांबलो. आता तर एसटीला 'लालपरी' म्हणायची पद्धत पडली आहे. रील्सवर पावसातली लालपरी, घाटातली लालपरी, मागे जुनं गाणं. परी आपल्या मर्जीनं येते आणि तिला उशीर झाला म्हणून कुणी तक्रार करत नाही. बसला मात्र वेळापत्रक असतं आणि ती आली नाही तर जाब विचारता येतो. लाडाचं नाव दिलं की जाब विचारायची सवय मोडते, असा माझा अनुभव आहे.

वारीचा रस्ता

चालण्यावरचं आपलं सर्वांत मोठं प्रेम म्हणजे वारी. आमचा जिल्हा तर नामदेवांचा. हिंगोलीजवळचं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. इथला माणूस पंढरपूर करत पंजाबातल्या घुमानपर्यंत गेला, अशी परंपरा आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखीही पानकनेरगावला जिल्ह्यात शिरते आणि सेनगाव, नर्सी, औंढा नागनाथ करत परभणीकडे जाते. त्या दिवसांत चालणारा माणूस रस्त्याचा राजा असतो. पोलीस वाहनं थांबवतात. गावं पाणी, चहा, जेवण घेऊन उभी राहतात. डॉक्टर पायाचे फोड बघतात.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी आळंदी ते पंढरपूर आणि देहू ते पंढरपूर या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. त्या आराखड्यात महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पालखीसाठी वेगळा पायमार्ग आहे. मला ही बातमी महत्त्वाची वाटते. राष्ट्रीय महामार्ग बांधताना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी जागा ठेवता येते, तिला पैसे देता येतात, तिची आखणी करता येते, हे सरकारनंच दाखवून दिलं आहे. यंत्रणेला हे जमत नाही, हा युक्तिवाद त्या दिवशी संपला.

आता हा दुसरा रस्ता बघा. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड करत तेलंगणात जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ आमच्या जिल्ह्यातून जातो. त्याच्या कडेनं शाळेला जाणारी पोरं आहेत, दुधाचे कॅन घेतलेले सायकलवाले आहेत, शेताला निघालेल्या बाया आहेत. त्या वर्षातून एकदा चालत नाहीत, रोज चालतात. मात्र त्यांच्या हातात पताका नाही. माणूस देवाकडे निघाला तर त्याच्यासाठी पायमार्ग आहे. तोच माणूस रोजंदारीला निघाला तर त्यानं काट्यात उतरावं, असं आपण न बोलता मान्य केलं आहे.

सरकारी मजकूर वाचताना

साहित्याच्या माणसानं सरकारी कागद वाचायला शिकलं पाहिजे. त्यातही पात्रं असतात, आणि कोण नाही हे जास्त बोलतं.

पहिला मजकूर राज्यघटनेचा. ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली. नगर परिषदांकडे कोणती कामं सोपवता येतील, याची ती १८ कलमांची यादी आहे. चौथ्या क्रमांकावर रस्ते आणि पूल आहेत. पंधराव्यावर कोंडवाडे. सतराव्यावर रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे आणि सार्वजनिक सोयी. गुरं कुठं कोंडायची आणि गाड्या कुठं लावायच्या, हे त्या यादीत शब्दानं लिहिलेलं आहे. माणसानं कुठून चालायचं, याचा वेगळा उल्लेख नाही. 'रस्ते' या शब्दात पदपथ येतो, असं कायद्याचा माणूस म्हणेल आणि ते बरोबरही आहे. पण बजेट करताना 'रस्ता' म्हटलं की डांबराची किंवा सिमेंटची रुंदी मोजली जाते. ज्याचं नाव यादीत नाही, त्याची निविदा निघत नाही.

दुसरा मजकूर २०११ च्या जनगणनेचा. कामावर कसं जाता, हे त्यात विचारलं होतं: पायी, सायकलनं, बसनं, मोटारसायकलनं. उपयोगाचा प्रश्न. पण ज्या तक्त्यात त्याची उत्तरं छापली, त्यातून शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले कामगार वगळलेले आहेत. तक्ता फक्त 'इतर कामगारां'चा. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा ११,७७,३४५ होती आणि त्यातले सुमारे ८५ टक्के लोक खेड्यात राहत होते. म्हणजे हळद काढायला, कापूस वेचायला, सोयाबीन कापायला रोज दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर चालणारी बाई देशाच्या प्रवासाच्या आकड्यात चालतच नाही. जी मोजली गेली नाही, तिच्यासाठी योजना कुठून होणार?

तिसरा मजकूर योजनांचा. २०२३ साली केंद्रानं पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली. शहरांसाठी १०,००० इलेक्ट्रिक बस. अट अशी की शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाख किंवा त्याहून जास्त हवी. केंद्रशासित प्रदेश, ईशान्येकडची आणि डोंगरी राज्यं यांच्या राजधान्यांना सूट. हिंगोली शहराची लोकसंख्या ८५,१०३. हिंगोली, वसमत, कळमनुरी अशी जिल्ह्यातली सगळी शहरं एकत्र केली तरी आकडा दोन लाखांच्या आत राहतो. २०२० साली सायकलला प्रोत्साहन देणारी स्पर्धा केंद्रानं जाहीर केली, तीही स्मार्ट सिटी, राजधान्या आणि पाच लाखांवरच्या शहरांसाठी. पदपथ, सायकल, शहर बस या विषयावरची धोरणाची भाषाच मोठ्या शहरांसाठी घडलेली आहे. त्या भाषेत हिंगोली हे शहर होण्याइतकं मोठं नाही आणि खेडं म्हणण्याइतकं लहान नाही.

चौथा मजकूर आपल्या राज्याचा. ११ नोव्हेंबर २०२१ च्या निर्णयानं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत आणि पाणंद रस्ते योजना आली. पांदण म्हणजे शेताकडे जाणारी जुनी वाट. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. ती पक्की करणं फार गरजेचं आहे, यात वाद नाही. पण योजनेचं समर्थन शेतमालाची वाहतूक आणि यंत्रं शेतापर्यंत नेण्याच्या भाषेत येतं. त्या वाटेवर सर्वांत जास्त फेऱ्या डोक्यावर भाकरीचं गठुडं घेतलेल्या बाईच्या असतात. तिच्या पायांमुळे रस्ता मंजूर झाला, असं कुठं वाचायला मिळत नाही.

'अज्ञात वाहन' आणि ज्ञात माणूस

आता पाचवा मजकूर, तो तुम्ही-आम्ही रोज मोबाइलवर वाचतो: 'अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचारी ठार'.

'पादचारी' हा शब्द आपण बोलताना कधी वापरतो? मी चालत आलो असं म्हणतो, पादचारी म्हणून आलो असं म्हणत नाही. जिवंत असताना माणूस मजूर असतो, आजी असते, पोरगं असतं. पादचारी तो मेल्यावर होतो. बातमीत वाहन 'अज्ञात' असतं, रस्ता भरधाव नसतो आणि त्या ठिकाणी दिवा होता का, कडेला जागा होती का, गाडीचा वेग कमी होईल असं काही होतं का, यावर एक ओळ नसते. दोन परिच्छेदांत माणूस संपतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला सरासरी नव्वद. एकूण मृत्यूंपैकी जवळपास दोन तृतीयांश ग्रामीण भागात झाले. 'खेड्यात कशाला हवा फुटपाथ, गाड्याच किती आहेत?' असं विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे. गाड्या कमी आहेत, पण रस्ता मोकळा असल्यानं त्या वेगानं जातात आणि चालणाऱ्याला त्याच डांबरावर यावं लागतं.

निळी बस आणि घरात उभी सायकल

सगळंच वाईट आहे असं म्हणालो तर तो खोटेपणा होईल. आमच्या जिल्ह्यात चालण्या-जाण्याचा हिशोब कुणी खरंच मांडला असेल तर तो मानव विकास कार्यक्रमानं. मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेत आणण्यासाठी एसटीच्या निळ्या बस. बारावीपर्यंतच्या मुलींना प्रवास मोफत. आणि गाव शाळेपासून लांब असलेल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे.

या योजनेची विचार करायची पद्धत मला महत्त्वाची वाटते. तिनं मुलीला 'तू शिक' असा उपदेश केला नाही. शाळा आणि घर यांच्यात किती किलोमीटर आहेत, हे विचारलं. हाच प्रश्न बिहारनं २००६ साली विचारला. नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांचा त्यावरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगा-मुलगी तफावत ४० टक्क्यांनी घटली. फरक मुख्यतः दिसला तो शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत. आमच्या फाट्याइतकंच अंतर.

त्याआधीचं उदाहरण तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं साक्षरता मोहीम चालू होती. कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी बायकांना सायकल शिकवणं हा त्या मोहिमेचाच भाग केला. हजारो बायका सायकलवर बसल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे; 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावानं त्यांचं पुस्तक मराठीतही आहे. तो जिल्हा श्रीमंत नव्हता. तिथं मेट्रो आली नव्हती की सायकल ट्रॅक झाले नव्हते. जिल्हा प्रशासनानं एवढंच ठरवलं की बाईचं जाणं-येणं हा आपला विषय आहे.

आता आमच्याकडची उणी बाजू, आणि ती मी घरात पाहिली आहे. माझ्या बहिणीला आठवीत शाळेतून सायकल मिळाली. पहिला महिना ती रोज घेऊन गेली. मग उसाचा हंगाम सुरू झाला. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही. एका संध्याकाळी ट्रॉलीनं तिला इतकं कडेला दाबलं की ती सायकलसकट चारीत पडली. हाताला खरचटलं, बाकी काही नाही. पण आईनं सायकल ओसरीत उभी केली ती केलीच. पुढं काही वर्षं तिच्यावर ओली कापडं वाळत होती. बहीण ॲपेनं जायला लागली. महिन्याचे ते पैसे जड झाले तेव्हा काय झालं, ते इथं लिहीत नाही. तुमच्या घरातही कुणी अशी असेल.

योजनेच्या कागदावर ती सायकल यशस्वी आहे. लाभार्थी एक, सायकल एक. सरकारनं सायकल दिली, सायकल चालवायची जागा दिली नाही. आजीला तिकीट दिलं, उतरल्यानंतरची वाट दिली नाही. वस्तू दिली की फोटो काढता येतो. दीड मीटरच्या साइडपट्टीवर मुरूम टाकून रोलर फिरवला तर त्याचा फोटो कोण काढणार?

मग हे काम कुणाचं?

फाट्यावर उभं राहून हा प्रश्न विचारून बघा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. कलेक्टर मिळाला, जिल्हा परिषद मिळाली. पण एसटीचा विभाग परभणीच राहिला. तालुके पाच आणि आगारं तीन: हिंगोली, वसमत, कळमनुरी. सेनगाव आणि औंढ्याला आगार नाही. मोठा रस्ता केंद्राचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा. गावाकडे वळणारा बहुधा जिल्हा परिषदेचा. गावातला ग्रामपंचायतीचा. म्हणजे आजी हिंगोलीहून घरी येईपर्यंत चार कार्यालयांच्या हद्दी ओलांडते. तिच्या अख्ख्या प्रवासाची जबाबदारी मात्र एकाचीही नाही. त्यातच मुदत संपल्यावर राज्यातल्या बहुतेक नगर परिषदा आणि जिल्हा परिषदा २०२२ पासून काही वर्षं प्रशासकांच्या हाती होत्या. ज्याला दारात अडवून विचारावं असा निवडून आलेला माणूसच तिथं नव्हता.

'पैसे नाहीत' हे उत्तर ठरलेलं असतं. ते अर्धं खरं आहे. पुणे महापालिकेकडे पैसा आहे म्हणून तिनं २०१६ साली पादचारी धोरण केलं, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ केले आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता काही तास वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. तरी पुण्यातला माणूस रस्ता ओलांडताना आजही जीव मुठीत धरतो. पैसा पुरेसा नसतो, हे पुण्यानंही दाखवलं आहे.

आणि आमच्याकडे जे लागतं ते महाग नाही. भारतीय रोड काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असं सांगतात. दोन माणसं शेजारून जातील एवढीच जागा आणि आजीला पाय उचलता येईल एवढीच पायरी. बसस्टँडपासून शाळा, दवाखाना, कचेरी यांच्यापर्यंत असा एक सलग पट्टा, एवढं तालुक्याच्या गावाला पुरेल. भाजीवाल्यांना हाकलून नव्हे, त्यांची जागा आखून. २०१४ चा पथविक्रेता कायदा तेच सांगतो. फाट्यावर एक शेड, एक सौर दिवा, वेळापत्रकाची पाटी. गावाच्या रस्त्याला भरलेली साइडपट्टी. शाळेसमोर गतिरोधक. वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग बंधनमुक्त असतो आणि ग्रामपंचायत तो आपल्या गरजेनुसार खर्च करू शकते. फाट्यावरचा दिवा त्यात बसतो. मात्र तो गावच्या विकास आराखड्यात लिहावा लागतो, आणि तो लिहायला ग्रामसभेत कुणीतरी उठून बोलावं लागतं.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सुरक्षित पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बातमी मोठी होती, पण फार काळ चालली नाही. निकालांचाही फाटा असतो. दिल्लीहून निघालेला हक्क मुंबईपर्यंत येतो, कधी संभाजीनगरपर्यंत येतो. तिथून पुढे त्याला कुणीतरी आणावं लागतं.

म्हणून लिहिणाऱ्यांकडून आणि वाचणाऱ्यांकडून माझी मागणी साधी आहे. वाटेचं वर्णन करा, पण ती वाट कुणाच्या ताब्यात आहे हेही लिहा. लालपरीचा रील करा आणि खाली लिहा की तुमच्या गावची मुक्कामी गाडी कधी बंद झाली. 'पादचारी ठार' ही बातमी पुढं पाठवताना एक प्रश्न जोडा: तिथं चालायला जागा होती का? बातमी देणारा पत्रकार तुमच्याच तालुक्यातला असतो. दोन-चार वेळा विचारलं तर पाचव्या बातमीत तो स्वतःच ती ओळ घालेल.

त्या दुपारी आम्ही गावात पोचलो तेव्हा चार वाजायला आले होते. आजी मारुतीच्या पारावर टेकली. सुनेनं तांब्या दिला. मी म्हणालो, "आजी, येत्या ग्रामसभेत फाट्यावरच्या दिव्याचं आणि साइडपट्टीचं मांडतो. तुम्ही येता का?"

ती म्हणाली, "ग्रामसभा कुठं असती?"

"पंचायतीत. इथून शंभर पावलं."

"मग येते की," आजी म्हणाली, "तेवढं तर चालता येतंय मला."